मोजमापानंतरचे अंदाजपत्रक

इंजिनाची शक्ती वाढवण्यासाठी ते नव्याने बांधणे आणि बिघडलेले इंजिन दुरुस्त करणे ही दोन्ही कामे एकाच टेबलावर, त्याच पान्यांनी होत असली, तरी दोहोंचा खर्च वेगवेगळ्या रीतीने वाढत जातो. दुरुस्तीत झिजलेला भाग बदलून इंजिन कंपनीने ठरवलेल्या मापावर परत आणायचे असते, त्यामुळे भागांची किंमत आणि मजुरी यांची बेरीज केली की सांगितलेला आकडा बहुतेक जुळतो. शक्ती वाढवण्याच्या बांधणीत मात्र एका भागात केलेला बदल शेजारच्या भागावर नवा भार टाकतो, तो भाग सुधारला की त्याच्या पलीकडचा कमकुवत ठरतो, आणि खर्चाची साखळी कोठे तोडायची हे आधी ठरलेले नसेल तर ती ग्राहकाच्या खिशाशी येऊनच तुटते. पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे सुटे भाग, बोरिंगचे मशीन आणि चांगला लेथवाला या तिन्ही गोष्टींसाठी चाळीस किलोमीटरच्या आसपास असलेल्या नागपूरकडे पाहावे लागते, तेथे हा फरक अधिक ठळकपणे जाणवतो.

या भागातील गॅरेजचा पोटापाण्याचा धंदा ट्रॅक्टर, पाण्याचे पंप आणि रोजच्या वापरातील मोटरसायकली यांवर चालतो. कापूस, धान, मिरची आणि संत्री पिकवणारी गावे एका बाजूला, तर कन्हान-गोंडेगाव पट्ट्यातील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या कोळसा खाणी दुसऱ्या बाजूला, अशा या तालुक्यात इंजिनाला काम कधी कमी पडत नाही. तरीही शक्ती वाढवण्यासाठी इंजिन उघडण्याची मागणी येते ती मुख्यतः एकाच गाडीसाठी, ती म्हणजे यामाहा आरएक्स १००. एस्कॉर्ट्सच्या सहकार्याने १९८५ साली भारतात आलेली आणि १९९६ साली उत्पादन थांबलेली ही दोन-स्ट्रोक मोटरसायकल अवघ्या ९८ सीसीची होती आणि तिची शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती होती. परंतु हलके वजन आणि मूठ पिळताच मिळणारी उसळी यांमुळे तिच्या निर्मितीनंतर जन्मलेली मुलेही आज ती जुन्या बाजारातून चढ्या भावाने विकत घेतात. दोन-स्ट्रोक म्हणजे ज्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा स्फोट होतो, हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात आणि सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो व मिटतो, असे इंजिन. रचना इतकी साधी असल्यामुळे त्यात फारसा खर्च येत नसावा, असा समज घेऊनच ग्राहक येतो, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “लागन किती, ते सांगा जी.”

हा प्रश्न रास्त असला तरी इंजिन बंद असताना त्याचे खरे उत्तर देता येत नाही, आणि या कामाच्या हिशोबातील मुख्य अडचण येथेच आहे. सिलिंडर बाहेर काढून बोर गेजने वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजल्याशिवाय तो किती लंबगोल झाला आहे आणि पूर्वी कितव्यांदा बोर केलेला आहे हे कळत नाही. आरएक्स १०० चा मूळ बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याचे अंतर, तेही ५० मिलिमीटर आहे. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापून त्या मापाचा पिस्टन घालतात, आणि हे जादा मापाचे पिस्टन साधारणतः पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. पायऱ्या मोजक्याच असल्यामुळे त्या संपल्या की जुना लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली धातूची नळी, काढून नवा बसवणे किंवा दुसरा सिलिंडर शोधणे एवढेच मार्ग उरतात, आणि दोन्ही महाग पडतात. पन्नास हजार रुपयांना घेतलेल्या गाडीचा सिलिंडर शेवटच्या पायरीवर आहे की पहिल्या, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि विकणाऱ्याला सांगायचे नसते.

बोअर वाढवल्याने गाडी पळू लागते, ही समजूतही येथे तपासून घ्यायला हवी. ५० चा बोअर ५०.५० झाला तर इंजिनाचे आकारमान ९८.२ वरून सुमारे १००.१ सीसी होते, आणि पूर्ण एक मिलिमीटर वाढवला तरी ते १०२ च्या जेमतेम पुढे जाते, म्हणजे वाढ चार टक्क्यांची. बोरिंगचा खरा लाभ सीसीत नसून गोल, सरळ आणि योग्य खरखरीचा सिलिंडर मिळण्यात आहे. रिंग नीट बसते, दाब सुटत नाही आणि पिस्टन खडखडत नाही. या कामावर पैसे खर्च झाल्याचे बाहेरून दिसत नाही, म्हणून ग्राहक त्याला कबूल व्हायला वेळ लावतो.

बोरिंगच्या बाबतीत खर्चाइतकाच त्याचा क्रम महत्त्वाचा असतो. पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडरचा ब्लॉक बोरिंगला द्यायचा नसतो, कारण पाकिटावर ५०.५० छापलेले असले तरी पिस्टनचे प्रत्यक्ष माप उत्पादकानुसार किंचित बदलते आणि सिलिंडर त्या विशिष्ट पिस्टनला मोजून कापायचा असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील मोकळी जागा अशा हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनात चार ते सहा शतांश मिलिमीटर ठेवतात, जुन्या कारागिरांच्या भाषेत दोन थाऊच्या आसपास, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ती कमी पडली तर तापल्यावर पिस्टन फुगून अडकतो, म्हणजे इंजिन सीज होते, आणि जास्त झाली तर पिस्टनचा खालचा घेर सिलिंडरवर आपटू लागतो. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि शक्ती वाढवलेले इंजिन मुळातच जास्त तापते, त्यामुळे अनुभवी मिस्त्री बोरिंगवाल्याकडे पिस्टनबरोबर हव्या त्या मोकळ्या जागेचा आकडाही कागदावर लिहून पाठवतो. ही चिठ्ठी नसेल तर ट्रॅक्टरच्या लाइनरवर हात बसलेला माणूस सवयीने जे ठेवायचे ते ठेवतो.

बोरिंग करून आलेला दोन-स्ट्रोकचा सिलिंडर हातात घेऊन आतून बोट फिरवले तर पोर्टच्या कडा पात्यासारख्या लागतात, कारण कापणारे टूल खिडकीच्या तोंडावरून जाताना कडेची मूळ उतरण खाऊन टाकते. ती उतरण, म्हणजे चॅम्फर, बारीक कानशीने किंवा ग्राइंडिंगच्या छोट्या दगडाने परत द्यावी लागते. न दिल्यास खिडकीत किंचित फुगणारी रिंग त्या कडेला अडते, तुटते आणि तिचे तुकडे नव्या पिस्टनसह नवा बोअरही ओरबाडून टाकतात. त्यानंतर होनिंग करायचे, म्हणजे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटवायच्या, ज्यांत तेल टिकते आणि ज्यांवर रिंग घासून बसते. होनिंगनंतर साबणाच्या पाण्याने सिलिंडर धुवायचा आणि पांढरे फडके आतून फिरवल्यावर काळे होईनासे होईपर्यंत धूत राहायचे. घासणाऱ्या दगडाची भुकटी नुसत्या पेट्रोलने निघत नाही. या अर्ध्या-पाऊण तासाच्या हातकामाला कोणत्याही दरपत्रकात ओळ नसते, पण पिस्टन किटमध्ये घातलेले पैसे टिकतात ते त्यावरच.

सिलिंडरच्या खालचा भाग, ज्यात क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि ऑइल सील येतात, तो अंदाजपत्रकात सर्वांत आधी यायला हवा आणि व्यवहारात तो सर्वांत शेवटी येतो. या गाडीचा क्रँक अखंड नसून दोन जाड चकत्या एका पिनवर दाबून जोडलेला असतो, त्यामुळे रॉड बदलायचा तर तो प्रेसवर उघडून पुन्हा दाबावा लागतो आणि नंतर दोन्ही टोके एका रेषेत आहेत की नाही हे डायल गेज लावून पाहावे लागते. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर तांब्याच्या हातोडीने ठरलेल्या जागी ठोका देऊन तो सरळ करतात; हे काम ज्याला जमते असा माणूस जिल्ह्यात शोधावा लागतो आणि त्याच्याकडे रांग असते. फेरे वाढवायचे असतील तर पिन हलू नये म्हणून तिला वेल्डिंगचे टाके देतात, मात्र ते क्रँक सरळ झाल्यावरच. बेअरिंग घेताना क्रमांकाच्या मागे ‘सी३’ ही खूण पाहावी लागते. तिचा अर्थ असा की गोळ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक ठेवलेली आहे, जेणेकरून तापल्यावर बेअरिंग आवळणार नाही. खूण नसलेले बेअरिंग दिसायला आणि बसवायला तेच असते, आणि घाईत तेच उचलले जाते.

ऑइल सीलची गोष्ट तर अगदी स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच हवा-पेट्रोलचे मिश्रण वर ढकलणारा पंप असतो. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गळू लागले की त्यातून जादा हवा आत जाते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते आणि भर वेगात पिस्टन वितळण्याची वेळ येते, तर क्लचच्या बाजूचे सील गळले की गिअरचे तेल आत ओढले जाऊन गाडी धूर ओकते. रबराच्या या दोन कड्या संपूर्ण खर्चाच्या शतांशाएवढ्याही नसतात, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी क्रँककेस उघडावी लागते. वरचे काम करताना खालचे तसेच ठेवून पैसे वाचवले तर तीच मजुरी पुढे दुसऱ्यांदा द्यावी लागते, आणि तोवर नवा पिस्टनही गेलेला असतो.

शक्ती प्रत्यक्ष वाढते ती पोर्ट, हेड, कार्बोरेटर आणि सायलेन्सर यांच्या परस्परमेळातून. पोर्टिंग म्हणजे खिडक्यांची उंची, रुंदी आणि त्यांकडे जाणाऱ्या वाटांचा आकार डाय ग्राइंडरने बदलणे. एक्झॉस्टची खिडकी वर उचलली की ती लवकर उघडते, जास्त फेऱ्यांवर शक्ती मिळते आणि कमी फेऱ्यांवरची ओढ जाते. घासलेला धातू परत लावता येत नसल्यामुळे येथे चुकीची किंमत अख्ख्या सिलिंडरएवढी असते, आणि ज्या गाडीचे उत्पादन जवळजवळ तीन दशकांपूर्वी थांबले तिच्या सिलिंडरला बाजारभाव असा राहिलेलाच नाही. हेडचा पृष्ठभाग घासून दाब वाढवणे त्या मानाने स्वस्त दिसते. ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर अर्धा मिलिमीटर घासला की हेडमधील जागा सुमारे एक सीसीने घटते. ती जागा मुळात १४ सीसी धरली तर आठास एक हे दाबाचे गुणोत्तर साडेआठास एकच्या थोडे पुढे जाते. आकडा लहान वाटतो, पण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात उन्हाळ्याच्या दुपारी भर वेगात खडखड, म्हणजे मिश्रण अवेळी पेटणे, सुरू व्हायला तेवढे पुरते. त्यामुळे पोर्टिंग आणि हेड यांचे ध्येय रस्ता आहे की स्पर्धा, हे खर्च ठरण्याआधी स्पष्ट व्हायला हवे. स्पर्धेच्या मापावर बांधलेली गाडी रोज पारशिवनीहून कन्हानला न्यायची असेल तर तिच्या मालकाला क्लच दाबून धरण्याशिवाय दुसरे सुख मिळत नाही.

ग्राहकांना सर्वांत भुरळ पडते ती १३५ च्या ब्लॉकची. याच कुळातील आरएक्स १३५ चा स्ट्रोकही ५० मिलिमीटरच, पण बोअर ५८, त्यामुळे आकारमान १३२ सीसी होते, म्हणजे एका उडीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढ. क्रँककेसचे तोंड मोठ्या गळ्यासाठी वाढवावे लागते, ते लेथवर किंवा मिलिंगवर होते, आणि हिशोबाच्या दृष्टीने प्रत्येक रुपयामागे सर्वांत जास्त शक्ती देणारा हाच बदल आहे. मात्र नोंदणी पुस्तकात ९८ सीसी लिहिलेली गाडी त्यानंतर तीच राहत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. झिजलेला सिलिंडर कंपनीने मान्य केलेल्या जादा मापावर बोर करणे ही दुरुस्ती. दुसऱ्या मॉडेलचा ब्लॉक चढवणे हा बदल. एमएच-४० च्या पाटीवर रस्त्याने धावणाऱ्या गाडीसाठी हा खर्च सुचवणाऱ्या मिस्त्रीने विम्याचा आणि दंडाचा धोकाही त्याच कागदावर मांडायला हवा. ज्यांना खरोखर स्पर्धेतच उतरायचे आहे त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त ड्रॅग शर्यती आणि कोइम्बतूरची कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, पण पारशिवनीहून गाडी तेथे नेण्याचा खर्च इंजिनाच्या खर्चाला मागे टाकतो.

स्थानिक परिस्थितीचे दोन खर्च बाहेरच्या कोणत्याही यादीत सापडत नाहीत. पहिला धुळीचा. कोळशाचे टिपर धावणाऱ्या रस्त्यांवरची बारीक धूळ उघड्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरमधून आत गेली की नव्या होनिंगच्या रेषा एका हंगामात पुसल्या जातात, म्हणून येथे तेल लावलेल्या फोमचा, पेटीत बसणारा फिल्टर आणि त्याची वारंवार धुलाई हीच शक्तीची खरी राखण ठरते, मग तिच्यापायी कार्बोरेटरला थोडी हवा कमी मिळाली तरी चालेल. दुसरा इंधनाचा. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते; इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर, मिश्रण पातळ पडते, त्यामुळे मोठी जेट, नवी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची रबरी पॅकिंग हे खर्च पूर्वी ऐच्छिक होते ते आता धरावेच लागतात.

समजा ग्राहकाने तीस हजार रुपये ठरवले आहेत. पुढील आकडे बाजारभाव नसून वाटणीची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. ग्राहकाच्या मनातील बेतात बहुधा निम्मी रक्कम सायलेन्सर, मोठा कार्बोरेटर आणि फिल्टर यांवर गेलेली असते, आणि उरलेल्यात पिस्टन किट बसवून ‘बाकीचे चालू आहे ना’ असे म्हटलेले असते. कामाच्या अंगाने पाहता त्या तीस हजारांतील आठ हजार क्रँक, बेअरिंग, सील आणि प्रेसच्या कामाकडे, साडेसहा हजार पिस्टन, बोरिंग, होनिंग, हेड आणि पोर्टिंगकडे, सहा हजार कार्बोरेटर, जेट, फिल्टर आणि सायलेन्सरकडे, साडेतीन हजार क्लचच्या प्लेट व स्प्रिंगकडे आणि पुढच्या ड्रम ब्रेकच्या नव्या शूकडे जायला हवेत, आणि सहा हजार हातच न लावता राखून ठेवायला हवेत. राखीव रक्कम ही चैन नव्हे. इंजिन उघडल्यावर गिअरचा दात तुटलेला सापडणे, क्रँककेसला पूर्वीचा तडा असणे किंवा मागवलेला भाग लोकल निघणे, यांपैकी एक तरी गोष्ट बहुतेक कामांत घडतेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे पूर्वी अठ्ठावीस टक्के लागणाऱ्या दहा हजारांच्या भागांमागे हजार रुपये वाचतात. परंतु या गाडीचे निम्मे भाग कच्च्या बिलावर किंवा बिलाशिवायच फिरत असल्यामुळे ती सवलतही पूर्णपणे हाती येत नाही, आणि चुकीचा भाग परत करण्याचा हक्कही राहत नाही.

पैसा येण्याची वेळही हिशोबात धरावी लागते. कापसाचा चुकारा किंवा संत्र्याच्या बागेचा सौदा झाल्यावर हातात आलेल्या रकमेतून हे काम सुरू होते आणि ती संपली की इंजिन उघडे राहून पुढच्या हंगामाची वाट पाहते. त्याच सुमारास ट्रॅक्टरच्या कामांची गर्दी असली तर बोरिंगवालाही एका सिलिंडरच्या छोट्या कामाला मागे ढकलतो. उघड्या पडलेल्या सिलिंडरवर पहिल्या पावसात गंज चढतो आणि झालेले होनिंग पुन्हा करावे लागते, म्हणून रक्कम तुकड्यांनी येणार असेल तर आधी सर्व भाग जमवून मगच इंजिन उघडावे असे वाटणे स्वाभाविक आहे; पण मोजल्याशिवाय भाग ठरत नाहीत, ही अडचण तेथेही उरतेच. जाणता मिस्त्री यातून असा मार्ग काढतो की आधी इंजिन उघडून सर्व मापे वहीत उतरवायची, भागांना तेल लावून ते पुन्हा एकत्र बांधून ठेवायचे, आणि यादी पुरी झाल्यावर दुसऱ्यांदा हात घालायचा.

या दुहेरी मेहनतीचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र धंद्याच्या रचनेशीच भिडतो. गावच्या गॅरेजमध्ये मजुरीचा दर ग्राहक घासाघीस करून खाली आणतो, आणि मिस्त्रीची ती तूट सुट्या भागांवर दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनने भरून निघते; म्हणजे भाग बदलला तर मिळकत होते आणि मोजून ‘हा भाग चांगला आहे, राहू द्या’ असे सांगितले तर काहीच मिळत नाही. अंदाजपत्रक भागांकडे झुकते आणि मापांकडे दुर्लक्ष करते, ते मिस्त्रीच्या अज्ञानामुळे कमी आणि या मोबदल्याच्या रीतीमुळे अधिक. बोर गेज, मायक्रोमीटर आणि डायल गेज यांवर केलेला खर्च अशा रचनेत कधी वसूल होत नाही, म्हणून ती साधने बहुतेक ठिकाणी नसतातच आणि बोट फिरवून किंवा पिस्टन हलवून ‘वीसमध्ये बसेल’ असा निकाल दिला जातो; वीस म्हणजे इंचाचे वीस हजारांश, साधारण अर्धा मिलिमीटर.

अलीकडे काही तरुण मिस्त्री दोन चिठ्ठ्या देऊ लागले आहेत: पहिली इंजिन उघडण्याची आणि मोजण्याची, ठरलेल्या रकमेची, जी काम पुढे झाले नाही तरी परत मिळत नाही; दुसरी मापे समोर ठेवून तयार केलेली, भाग आणि मशीनवरचे काम वेगवेगळे दाखवणारी, आणि भाग ग्राहकाने स्वतः आणले तरी मजुरी न बदलणारी. नुसत्या मोजण्याचे पाचशे रुपये कशाचे, असे म्हणून काही ग्राहक त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजकडे जातात, जेथे इंजिन फुकट उघडले जाते. जे थांबतात त्यांच्या दुसऱ्या चिठ्ठीत सायलेन्सरची ओळ पुष्कळदा ग्राहक स्वतःच खोडतो आणि क्रँकची ओळ तशीच ठेवतो, कारण डायल गेजचा काटा हलताना त्याने स्वतः पाहिलेला असतो.